पापणीवरची लाल गाठ आणि सासऱ्यांचा सोनोग्राफी रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे, जन्मली तेव्हा पापणीवर काहीच नव्हतं, पंधरा दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला आणि आता तो एवढा फुगलाय की तिला तो डोळा नीट उघडताच येत नाही. सासूबाई म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, शेजारच्या काकू म्हणतात आपोआप जातं. त्यात सासऱ्यांच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये दोन सेंटीमीटरची गाठ निघाली, तिथेही बाळासारखंच हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असं लिहिलंय. सगळे घाबरलेत, त्यांना पुण्याला न्यायचं चाललंय. हे घराण्यातूनच आलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ग्रहणाचा काही संबंध नाही, भाजी चिरा खुशाल. आणि घराण्याचाही नाही, नाव एकच असलं तरी दोघांचं दुखणं वेगळं आहे.

आधी बाळाचं. काकू पूर्ण चूक नाहीत, रक्तवाहिन्यांची ही गाठ पहिले काही महिने भराभर वाढते, मग थांबते आणि पुढे काही वर्षांत हळूहळू ओसरते, पाठीवर-पोटावर असती तर मीही थांबा म्हटलं असतं. पण पापणीने डोळा झाकला गेला की मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही, आणि मग गाठ गेली तरी नजर कमीच राहते. म्हणून याच आठवड्यात डोळ्यांच्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगावर अशा पाच किंवा जास्त गाठी असतील तर बाळाच्या लिव्हरचीही सोनोग्राफी करतात, तेव्हा कपडे काढून नीट मोजा.

औषध आहे, प्रोप्रॅनोलॉल. मूळचं बीपी-हार्टचं. फ्रान्समध्ये बोर्दो इथे एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी दिलं आणि त्याची गाठच विरघळायला लागली, 2008 मध्ये ते छापून आलं आणि तोवर स्टिरॉइडवर चाललेली ट्रीटमेंटच बदलली. मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, आधी हृदय तपासतात, डोस वजनावर ठरतो, आणि दूध पाजूनच द्यायचं कारण उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते, बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

आता सासरे. मोठ्या माणसांच्या लिव्हरमध्ये सापडणाऱ्या साध्या गाठींमध्ये ही सगळ्यात कॉमन, बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करताना दिसते. कॅन्सर नाही, कॅन्सर होतही नाही. दोन सेंटीमीटरला औषध नाही, ऑपरेशन नाही, पथ्य नाही. फक्त आधीपासून कावीळ बी, लिव्हर सिरॉसिस किंवा कुठलाही कॅन्सर असेल तर सीटी किंवा एमआरआय करून खात्री करतात. (छातीवर बारीक लालभडक ठिपके असतील तर तेही रक्तवाहिन्यांचेच, वयाबरोबर येतात, सोडून द्या.)

तेव्हा सासऱ्यांसाठी ठरवलेली पुण्याची गाडी रद्द करा आणि त्याऐवजी उद्या बाळाला घेऊन मिरजेला जाऊन या.