गुलाबाचा काटा आणि पू

प्रश्न : गच्चीतला गुलाब छाटताना काटा बोटात मोडला. सुईने लगेच काढला, तरी रात्री बोट ठणकू लागलं आणि तिसऱ्या दिवशी पू धरला. जंतू शरीराला नवखे असतील, तर त्यांची चाहूल इतक्या लवकर कशी लागली? पू म्हणजे नक्की काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काट्याचंच विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञांनी समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळीत गुलाबाचेच काटे टोचले होते. सकाळी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्यांना गराडा घातलेला! या शोधाच्या वाटेवर पुढे १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं.

तुमच्या बोटातही तेच झालं. कातडीखाली भक्षक पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, कायम मुक्कामाला असतात. त्यांना जंतूचं नावगाव लागत नाही. जंतूंच्या भिंतीत काही द्रव्यं अशी असतात, जी आपल्या पेशींत मुळी नसतातच. ती लागली की पेशी हाकाटी करतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात. बोट लाल, गरम होतं, सुजतं. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर येतात. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, त्या रोज सुमारे १० हजार कोटी तयार करते.

पू म्हणजे मुख्यतः याच पेशी, जंतू गिळून मेलेल्या. सदाशिव पेठेतल्या माझ्या लॅबमध्ये पू आला की काचपट्टीवर पातळ पसरून ग्रॅमचा रंग देते; जंतू भिंगाखाली ओळखू यावेत म्हणून हा रंग वापरतात. गुलाबी पेशीत तीन-चार पाकळ्यांचं केंद्रक, आणि तिच्याच पोटात जांभळ्या ठिपक्यांचा द्राक्षासारखा घड : गिळलेले स्टॅफिलोकोकस जंतू. तीस वर्षं बघतेय, तरी दर वेळी भिंगावरून डोळा हलत नाही.

पू पिळून काढू नका. जंतू आत ढकलले जातात.

मधुमेह असेल तर मात्र माझं ऐका. साखर वाढलेली असली की या पेशी मंदावतात, आणि नसा बधिर झाल्या असतील तर ठणकाही जाणवत नाही. माझ्या वडिलांच्या पायाला खरचटलं, दुखत नव्हतं म्हणून आठ दिवस कुणी पाहिलं नाही. अंगठा काढावा लागला.

बोटापासून मनगटाकडे लाल रेघ चढली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत, ते आजच डॉक्टरांना सांगा.