तेरा रुपयांचं मत

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझा प्रश्न दोन दिवस मनातून गेला नाही. "काका, उमेदवाराचं पैशांचं पाकीट घेतलं आणि मत मनासारखं दिलं, तर कोणाचं काय बिघडलं?" गावात बरेच जण असंच म्हणतात. बिघडतं, आणि ते हिशेबात दिसतं. मी जन्मभर लेखा विभागात काढला, चार निवडणुकांत उमेदवारांचा खर्च तपासणाऱ्या पथकावर होतो, म्हणून आकड्यांतूनच सांगतो.

आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मुभा आहे. २०२२ पासूनची ही मर्यादा. मतदारसंघात मतदार साधारण तीन लाखांच्या वर. म्हणजे एका मतदारामागे बारा-तेरा रुपये. त्यात गाड्या, मांडव, पत्रकं, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव सगळं आलं. आता तुझ्या वाडीत वाटलं ते पाचशेचं पाकीट घे. दहातल्या एकाच मतदाराला दिलं, तरी दीड कोटी झाले. हे पैसे कोणत्याच हिशेबात येणार नाहीत, पण कुठूनतरी आले आहेत. ज्याने दिले तो ते सोडणार नाही. दोन वर्षांनी रस्त्याच्या कामात डांबराचा थर पातळ झाला की समजावं, वसुली सुरू झाली. टक्केवारी म्हणतात ती हीच.

आणि दुसरं, मला जास्त सलतं ते. ज्याच्याकडे दीड कोटी नाहीत, तो अर्जच भरत नाही. तू मत मनासारखं द्यायला जातोस तेव्हा ज्याला द्यावं असा माणूस यादीत उरलेलाच नसतो. पाकिटाने तुझं मत फिरलं नसेल, पण त्या माणसाची वाट तरी अडली. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. साधेपणाने राहणारा माणूस निवडून येऊ शकतो, हे लोकांनीच दाखवलं होतं.

कायद्यात पळवाट आहे, हे लपवत नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला होता. त्याच वर्षी कायदा बदलून ती अट काढून टाकली गेली. पक्षाच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. आम्ही सभेतल्या खुर्च्या मोजायचो, व्हिडिओ काढायचो, जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून बघायच्या आमच्या वहीत, रक्कम लिहायचो. एकदा एका उमेदवाराने आमच्या मोजणीच्या निम्म्याच खुर्च्या दाखवल्या होत्या. आम्ही नोटीस काढली, त्याने फरक मान्य केला. रात्री वाटलेली पाकिटं मात्र आमच्या रजिस्टरात कधी आली नाहीत. ती फक्त तुम्हा लोकांना दिसतात.

म्हणून तुला काम सांगतो. मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र वाच. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, थकीत सरकारी देणी सगळं त्यात असतं. मागच्या वेळचं सापडलं तर शेजारी ठेवून मालमत्तेची वाढ बघ. वाटप दिसलं तर सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर फोटो टाक. एकटा रात्री कोणाच्या अंगावर जाऊ नकोस, घरच्यांना काळजीत टाकू नकोस. आणि हे लक्षात ठेव, की मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची आहे. आजीला हे समजावताना मात्र कायद्याची भीती घालू नकोस. तिला डांबराचं सांग, तिला पटेल.

निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. तो बघायची फी नियमाप्रमाणे एक रुपया आहे. इतक्या वर्षांत तो रुपया भरायला आलेला सामान्य मतदार मी एकही पाहिला नाही. पत्रकार यायचे, हरलेले उमेदवार यायचे.

तीस दिवस झाले की फोन कर. मी सकाळच्या एसटीने येतो. कलेक्टर कचेरीत दोघं जाऊ. वही कुठून वाचायला घ्यायची आणि कोणत्या रकान्यात खोटं दडतं, ते तुला दाखवतो.

तुझा,
काका