कोल्हापुरात पेट्रोल गाडीच्या किमतीत फॅमिली इलेक्ट्रिक गाडी मिळते का?

शोरूमच्या किमतीत अजून नाही, पण ऑन-रोड भाव (कर, नोंदणी, विमा धरून) काढला आणि समोर ऑटोमॅटिक पेट्रोल ठेवली, तर फरक बराच खाली येतो. तुलना ऑटोमॅटिकशीच करा, कारण इलेक्ट्रिकलाही गिअर बदलावे लागत नाहीत. टाटाच्या नेक्सॉन, पंच, टियागो तिन्ही दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा एकाच दिवशी दोन्हींची कोटेशनं लेखी घ्या. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. छोट्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, म्हणजे पेट्रोलही स्वस्त झालीय. खरी बचत चालवण्यात आहे: १०० किलोमीटरला साधारण १४ युनिट वीज, युनिट १२ रुपये धरलं तरी १७० रुपये. पेट्रोलला तेवढ्यालाच सातशेच्या आसपास. एमजीची इलेक्ट्रिक विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली ती बॅटरी भाड्याने धरून. त्यात दर किलोमीटरला भाडं पडतं, मग ही बचत बरीचशी तिथेच जाते. मी तरी बॅटरीसकटच घेईन. मात्र घरच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय हवीच. राजारामपुरीत रस्त्यावर गाडी लावत असाल, तर तूर्त पेट्रोलच घ्या.