खाडा पाडून तपासणीला जायचं का?

"ताई, चौथा महिना चालू हाय, पण काहीच त्रास नाही. मग तिकडं गेल्यावर खाडा पाडून दवाखान्यात कशाला जायचं?"

दसऱ्याच्या आसपास हा प्रश्न माझ्या टेबलासमोर दिवसातून चार-पाच वेळा तरी येतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. कागदोपत्री माझं काम एचआयव्ही तपासणीचं. पण ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते, म्हणून तालुक्यातली जवळजवळ प्रत्येक गरोदर बाई कधी ना कधी माझ्यासमोर दहा मिनिटं बसते. एचआयव्हीचं बोलणं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. उरलेल्या वेळात तिचा सगळा संसार टेबलावर येतो.

ज्यांना खाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, ती पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल जोडीनं घेतलेली असते, त्यामुळे ती फेडायचीही जोडीनंच. एकानं दिवस बुडवला की त्याचा खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. ताप आला तरी खाडा, पोटात लेकरू असलं तरी खाडाच.

सविता (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) पहिल्यांदा आली तेव्हा मी तिचं ऐकूनच घेतलं नाही, हे आधी कबूल करते. बाहेर पंचवीस बायकांची रांग होती. मी पाठ असलेलं सगळं म्हणून दाखवलं. किमान चार तपासण्या, पहिली बारा आठवड्यांच्या आत, मग चौदा ते सव्वीस, अठ्ठावीस ते चौतीस आणि छत्तिसाव्यानंतर. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, रोज एक लोहाची गोळी, असं १८० दिवस. ती मान हलवत राहिली. मी विचारलं, "समजलं ना?" ती म्हणाली, "व्हय." आणि गेली. रक्ताचा रिपोर्ट घ्यायलाही परत आली नाही. हिमोग्लोबिन ८.४ होतं, म्हणजे कमी.

आशाताईंनी दोनदा घरी चक्कर मारली तेव्हा दहा दिवसांनी ती सासूला घेऊन आली. या वेळी मी पंखा लावला, दार लोटलं आणि विचारलं, "पहिल्या खेपेला काय झालं होतं?"

पहिला मुलगा, आता चार वर्षांचा. त्याच्या वेळी ती सातव्या महिन्यात कारखान्यावर होती. फडातून थेट, पायाला पाचट चिकटलेली, तशीच एका दवाखान्यात गेली. इकडचं तपासणीचं कार्ड इकडंच राहिलेलं. तिथं रांगेत सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणालं, "सात महिने झोपली होतीस काय? लेकरं काढायची आणि आमच्या गळ्यात टाकायची." ती तपासून न घेताच कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, परत आली. त्या दिवसाचा खाडा मात्र पडला.

"पैसं जायाचंच हुतं, वरनं आणि बोलणं खायाचं," ती म्हणाली. एवढंच.

मला वाटतं, आम्ही आरोग्यवाले 'जनजागृती' हा शब्द फार पटकन काढतो. सविताला तपासणी ठाऊक होती, दवाखाना ठाऊक होता, तिथं जायचा रस्ताही ठाऊक होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५८ टक्के बायकांच्या चार किंवा जास्त तपासण्या झाल्या होत्या, आणि १८० दिवस गोळ्या खाणाऱ्या होत्या २६ टक्के. या आकड्यांत किती खाडे आणि किती टोमणे आहेत, ते कुठल्या रकान्यात भरायचं?

गोळ्यांचंही असंच. सविताच्या पिशवीतून जुनी पाकिटं निघाली, लाल गोळ्या जशाच्या तशा. तिला मळमळत होतं आणि शौचाला काळं झाल्यावर ती घाबरली होती. सासूबाईंचं म्हणणं निराळं होतं. "त्या गोळ्यांनी लेकरू लई मोठं होतंय, मग बाळंतपण अडतंय. माझी पाच झाली, एक गोळी खाल्ली नाही."

मी म्हटलं, "आजी, पाचही हयात आहेत?"

त्या जरा वेळ गप्प बसल्या. "तीन."

ते विचारायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पण त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला हेही खरं. टेबलावर माझी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली होती, ती मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बाळंतपण अगदी नीट पार पडलं तरी जवळजवळ एवढं रक्त जाऊ शकतं. अंगात भरपूर असेल तर बाई ते सोसते. हिच्या अंगात आधीच कमी आहे, हिला थोडंही जास्त गेलं तर जड जाईल. गोळी लेकराला फुगवत नाही, हिचं रक्त भरते. काळं दिसतं ते गोळीतलं न जिरलेलं लोह, त्यानं काही बिघडत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्यायची. चहाबरोबर नाही, कारण चहा लोह जिरू देत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, दोन्ही एकत्र नाहीत. आजींनी बाटली हलवून पाहिली आणि न बोलता परत टेबलावर ठेवली.

आता मूळ प्रश्न, त्रास नसताना कशाला जायचं. हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटत नाही. आपण सगळेच दुखल्यावर दवाखान्यात जातो. अडचण अशी की गरोदरपणातलं वाढलेलं बीपी सुरुवातीला दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जायला लागली तरी कळत नाही. रक्तातली साखरही तशीच. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं तरच ती सापडते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज हे सगळं नंतर येतं, आणि मग झटके यायला वेळ लागत नाही.

हे सांगून झाल्यावर सविता म्हणाली, "मग मी किती खाडं पाडू ते सांगा." हा खरा प्रश्न होता. आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेतलं. पाळीच्या तारखेवरून दिवस भरत होते मार्चच्या मध्यावर. टोळी निघायच्या आधी दोन कामं इथंच उरकायची ठरली, विसाव्या आठवड्याच्या आत सोनोग्राफी आणि धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन. त्याच फेऱ्यांत आमच्या डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनंही शिरेतून दिली, कारण ८.४ वर नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर तिला पाठवायला ते तयार नव्हते. पुढच्यासाठी मी नऊ तारखेला गोल केला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. बाकी काही विसरलं तरी नऊ तारीख लक्षात राहते. डिसेंबरची नऊ, जानेवारीची नऊ, फेब्रुवारीची नऊ. तीन खाडे.

नवऱ्याला आत बोलावलं. तो बाहेर तंबाखू मळत उभा होता. मुकादमाला आत्ताच, उचल घेतानाच, या तीन दिवसांचं सांगून ठेव म्हटलं. तो म्हणाला, सांगतो, पण पैसं कापायचं तो सोडणार नाही. मीही त्याला खोटी आशा दाखवली नाही.

माता-बाल संरक्षण कार्ड मी खताच्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर रबर लावून दिलं. त्याच्या पहिल्या पानाचा आणि आरसीएच नंबरचा (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा नंबर) फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काढला, कारण कोपीला आग लागते, पाऊस येतो, बैल कागद खातात. सविताला म्हटलं, रांगेत कुणी काही बोललं तर तोंड उघडायचं नाही, हे कार्ड पुढं करायचं.

डिसेंबरची तपासणी झाली. जानेवारीच्या नऊला दुपारी फोन आला. "ताई, बीपी एकशे शेहेचाळीस-चौऱ्याण्णव म्हणत्यात. मला तर काहीच वाटत न्हाई. सकाळी ट्रक भरून आले."

तिथल्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी जे सांगितलं ते मी आता प्रत्येकीला सांगते. कार्डावर ऑक्टोबरचं ११०/७० आणि डिसेंबरचं ११८/७६ लिहिलेलं होतं, त्यामुळे हे नवीन वाढलंय हे त्यांना एका नजरेत कळलं. कार्ड नसतं तर 'धावत आली असेल, घाबरली असेल' म्हणून पुढच्या महिन्यावर गेलं असतं. त्यांनी थोड्या वेळानं परत मोजलं, लघवी तपासली, गोळी चालू केली आणि आठवड्यानं परत बोलावलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं बंद. म्हणजे आणखी एक खाडा, आणि अर्धा कोयता कामातून गेला.

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो माझ्यावरच चिडला होता. "तपासायलाच गेलो नसतो तर बरं झालं असतं, चांगली काम करत हुती." मी ऐकून घेतलं. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात ती व्याजासकट त्याच्याच मानेवर बसणार होती, माझ्या नाही. शेवटी तो त्याच्या भावाच्या जोडीत घुसला आणि जानेवारीअखेर सविताला सासूबरोबर गावी पाठवलं.

बीपीवर दर आठवड्याला लक्ष ठेवलं. सदतीस आठवडे भरल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यात कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी, २ किलो ४०० ग्रॅम, लगेच रडली. बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन १०.६ पर्यंत आलं होतं. आजींनी मला वॉर्डच्या दारात गाठून सांगितलं, "लेकरू काय मोठं झालं न्हाई बगा."

एप्रिलमध्ये सविता लसीकरणाला आली तेव्हा आम्ही हिशेब मांडला. तीन खाडे, पाचशेनं दीड हजार. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले सातशे जमा झालेत. दुसरं लेकरू मुलगी झाली म्हणून मातृ वंदना योजनेचे सहा हजार मिळायला हवेत, तो अर्ज अजून माझ्या खणात आहे, कारण तिच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. बँक तालुक्याला. "सोमवारी जाते," ती म्हणाली, "हितं काय खाडा पडत न्हाई."