सुट्या पानांचा चहा चाखायला कसं शिकायचं? मला तर सगळे सारखेच लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्मभर दुधाचा चहा प्यायलात, आता दार्जिलिंग, आसाम, ग्रीन आणि दोन-तीन हर्बल असे डबे आणलेत आणि त्यांच्यावर चार ओळी लिहायच्यात. पण डब्यावर छापलेलं 'मस्कॅट द्राक्षं', 'माल्ट', 'ताजी फुलं' यातलं काहीच लागत नाही, नुसतं गरम तुरट पाणी लागतं. शिवाय पुण्याच्या पाण्याचा काही संबंध आहे का, हेही विचारलंय.

जिभेत काही खोट नाही. तुम्ही एका वेळी एकच कप पिताय, अडचण एवढीच आहे. आज दार्जिलिंग, परवा आसाम असं प्यायल्यावर आधीच्या कपाची चव कोणाच्या लक्षात राहते? दोन चहा एकाच वेळी करा, सारख्या पांढऱ्या कपांत शेजारी शेजारी ओता आणि आलटूनपालटून घोट घ्या. एकेकटा पिताना जो फरक हाताला लागत नव्हता, तो दोन-चार घोटांतच दिसायला लागतो.

धंद्यातले लोकही हेच करतात. कोलकाता-गुवाहाटीच्या लिलावांसाठी चहा पारखणाऱ्यांपुढे पांढऱ्या वाट्यांची लांबलचक रांग मांडलेली असते. चमचाभर चहा हवेसकट सुर्रकन ओढायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि पुढच्या वाटीकडे वळायचं. आवाज चारचौघांत शोभत नाही, पण हवेबरोबर चहाचा वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपण ज्याला चव म्हणतो ती बरीचशी तिथेच कळते. बशीतून चहा फुर्र करून ओढणाऱ्या आजोबांना आपण उगाच नावं ठेवली.

चाखण्यासाठी चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. (ज्या ब्रिटिश मानकावरून हे घेतलं, त्याला १९९९ साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं होतं.) ही ६ मिनिटं चहाचे दोष उघडे पाडायला असतात, प्यायला नाही. घरी ३ मिनिटं पुरे. वजनात मात्र ढिलाई करू नका. पांढऱ्या चहाच्या (व्हाइट टीच्या) लांब लवदार कळ्या चमच्यात धड मावत नाहीत आणि आपल्या दुधाच्या चहाची दाणेदार पत्ती, म्हणजे सीटीसी, त्याच चमच्यात कितीतरी जास्त बसते. मग तुम्ही चहाची नव्हे, चमच्याची तुलना करत बसता. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन सहज मिळतो, तो घ्या. महागडी किटली नंतर बघू.

आता पाणी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दार्जिलिंग, आसाम अशा काळ्या चहाला तेवढं भरपूर झालं. ग्रीनला ७५ ते ८० अंश लागतात, नाहीतर तो कडू होतो आणि दोष चहावर येतो. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड कपात ओता, तिथून दुसऱ्या थंड कपात. दोन कप फिरेपर्यंत ते बऱ्यापैकी खाली आलेलं असतं.

तापमानापेक्षा पाण्याच्या जातीने जास्त फरक पडतो. नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी त्या मानाने मऊ आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं, जड. त्यात केलेल्या कोऱ्या चहावर पाच मिनिटांत तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो आणि रंग मळकट येतो. तो पापुद्रा तेलाचा नसतो, पाण्यातल्या कॅल्शियमचा आणि चहातल्या द्रव्यांचा असतो. आरओचं पाणी अगदीच पोकळ असेल तर उलट तक्रार येते, चहा सपक लागतो. पहिला प्रयोग खरं तर हाच करा: एकच चहा, दोन कप, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. जे आवडेल ते ठरवून टाका आणि पुढे सगळं त्याच पाण्यात करा. लिहिताना पाणी कोणतं होतं ते नोंदवा. वाघोलीच्या टँकरवर जगणाऱ्या वाचकाला तुमचा सदाशिव पेठेतला कप मिळणार नाहीये.

आता त्या 'मस्कॅट'बद्दल. दार्जिलिंगच्या मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीला फर्स्ट फ्लश म्हणतात, मे-जूनच्या तोडीला सेकंड फ्लश. हे दोन्ही थोडे थोडे मागवा आणि समोरासमोर ठेवा. फर्स्ट फ्लशची पानं हिरवट-करडी दिसतात, काळा चहा म्हणून विकला जातो यावर विश्वास बसत नाही. उतरतो तोही फिक्कट सोनेरी. पहिल्या घोटाला फुलांचा वास, मग हिरड्यांवर एक ओढ. सेकंड फ्लशचा रंग तांब्यासारखा आणि अंगात जरा भरलेला. गाळून झाल्यावर गाळणीतल्या ओल्या पानांना नाक लावा. कपापेक्षा तिथे वास जास्त मोकळा असतो. काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घातल्यावर येतो तसा, किंचित गुलाबाकडे झुकणारा वास सापडला, तर तेच ते मस्कॅट. तो येतो कुठून, हे मला फार आवडतं: त्या दिवसांत तुडतुडे कोवळी पानं चोखतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पान सुकवून आंबवल्यावर तोच वास भाव खाऊन जातो. आपल्याकडे तुडतुडे दिसले की शेतकरी फवारणीचा पंप काढतो.

आसामचा 'माल्ट' तर तुमच्या फडताळात आहे. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, म्हणजे आपलं नाचणीचं सत्त्व. त्याचा डबा उघडून हुंगा, लगेच कोऱ्या आसामचा घोट घ्या. जास्मिन चहाला वापरतात तो आपला मोगराच. फुलं आणि पानं रात्रभर एकत्र ठेवून वास चढवतात, मग फुलं काढतात. चांगल्या जास्मिनमध्ये म्हणूनच पाकळ्या जवळपास दिसत नाहीत. ग्रीनमध्ये चीनच्या लाँगजिंगची पानं कढईत भाजलेली असतात, तर जपानी सेंचाची वाफवलेली. पहिल्यात भाजलेल्या डाळीचा खमंगपणा आहे, दुसऱ्यात पालक उकडल्याचा हिरवेपणा. सेंचा मला स्वतःला फारसा झेपत नाही, पण म्हणून तो वाईट ठरत नाही. परीक्षणात या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात.

कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका, सुरुवातीला सगळ्यांची होते. कडू ही चव आहे, कारल्याची. तुरट हा स्पर्श आहे: चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं पडतं, कच्चं केळं खाल्ल्यासारखं. चहात थोडा तुरटपणा हवाच, त्याशिवाय तो मिळमिळीत. कडूपणा मात्र बहुधा फार गरम पाण्याची किंवा जास्त वेळ ठेवल्याची खूण.

एवढं करूनही 'मला खरंच फरक कळतोय की डबा वाचून वाटतंय?' अशी शंका येईल. यायलाच हवी. त्यावर तीन कपांची परीक्षा आहे: दोन कपांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा, खुणा कपाच्या तळाशी. घरातल्या कोणीतरी कप फिरवायचे आणि तुम्ही वेगळा कप ओळखायचा. आमच्याकडे हे काम आई करते आणि अधूनमधून तिन्ही कपांत एकच चहा ओतून माझं भाषण शांतपणे ऐकून घेते. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येणारच, त्यामुळे एकदा जमलं म्हणून हुरळून जाऊ नका.

डब्यावर प्रत म्हणून छापलेल्या एफटीजीएफओपी वगैरे अक्षरांच्या माळेला भुलू नका. ती प्रत मुख्यतः पानाच्या आकाराची आणि कळ्यांच्या प्रमाणाची आहे. लिहायचं तर मळा, तोड आणि वर्ष लिहा.

आणि कृपा करून सुट्या पानांच्या नादात अमृततुल्यला तुच्छ लेखू नका. सीटीसी हा प्रकार १९३०च्या दशकात आसामात निघाला. पान चुरडून, फाडून, गोळी वळायची, म्हणजे चहा झटपट आणि कडक उतरतो. दूध, साखर, आलं, वेलची यांच्यासमोर उभा राहील असाच तो चहा आहे. त्याचं परीक्षण दुधातच करा. फर्स्ट फ्लशमध्ये मात्र दूध घातलंत तर दुधाचे पैसे वसूल होतील, चहाचे नाही.

हर्बलची गोष्टच वेगळी. त्यात चहाचं झाडच नाही, त्यामुळे वरचे नियम तिथे लागत नाहीत. पाणी कडकडीत, वेळ ५ ते ८ मिनिटं आणि कपावर झाकण, कारण बराचसा स्वाद उडून जाणाऱ्या तेलात असतो. पानं-फुलं भिजवायची, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध अशी मुळं-साली उकळायची. सुरुवात मंडईतल्या गवती चहाच्या जुडीपासून करा. ताजी पाती बारीक कातरून एका कपात, सुकी डब्यातली दुसऱ्यात. लिंबाच्या सालीत असतो तोच सिट्रल नावाचा सुगंधी घटक यात आहे आणि ताज्या पातीत तो असा उसळतो की सुकं गवत पुन्हा विकत घेववत नाही. 'हिबिस्कस'च्या डब्यात कुंडीतली जास्वंद नसते, लाल अंबाडीची बोंडं असतात, आंबटपणा कोकमाच्या जवळचा. गोकर्णाचा निळा चहा फोटोला सुंदर, लिंबू पिळलं की जांभळा होतो, चव जवळजवळ शून्य. तसं स्पष्ट लिहा. कॅमोमाइलला सफरचंदाच्या सालीचा मंद वास असतो, पण ते शेवंतीच्या कुळातलं आहे. ज्यांना त्या फुलांची अॅलर्जी आहे त्यांनी जपून.

हर्बलचं परीक्षण लिहिताना डब्याची मागची बाजू आधी वाचा. 'डिटॉक्स', 'स्लिमिंग' असल्या नावांखाली सोनामुखी सापडली तर वाचकांना सांगा की हे जुलाबाचं औषध आहे. ज्येष्ठमध रोज, भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो. घटकांत 'स्वाद' असं वेगळं लिहिलेलं असेल तर तुम्ही फुलाचं नाही, वरून मारलेल्या अर्काचं कौतुक करताय.

चाखायची वेळ सकाळी नाश्ता आणि जेवणाच्या मधली ठेवा. मिसळ खाल्ल्यावर दोन तास तरी नाही. खरेदी २५-५० ग्रॅमची, हवाबंद डब्यात, आणि तो डबा मसाल्याच्या कपाटात ठेवायचा नाही, पत्ती जिऱ्याचा वास दोन दिवसांत ओढते. पावसाळ्यात तर डबा उघडा टाकूच नका. तुमच्याकडे आहेत त्यांतली पहिली जोडी दार्जिलिंग आणि आसाम, दोन्ही कोरे, २ ग्रॅम, ३ मिनिटं. ग्रीन त्यानंतर काढा.