नववीतला मुलगा चाचणीचे गुण लपवतो, पेपरवर आमची खोटी सही करतो. त्याला खरेपणा कसा शिकवावा?

आधी हे बघा, त्याने खरं सांगितलं असतं तर त्या संध्याकाळी घरी काय झालं असतं? आरडाओरडा, मोबाइल जप्त, शेजारच्या मुलाशी तुलना? मग खोटी सही त्याला स्वस्तच पडते.

2014 मध्ये मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मागे ठेवलेलं खेळणं चोरून बघू नका, असं सांगून ते बाहेर गेले. बहुतेकांनी पाहिलंच. मग गोष्ट वाचून विचारलं, पाहिलंस का? खोटं बोलण्याची शिक्षा दाखवणारी ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेल्यांवर काही फरक पडला नाही. लहानगा जॉर्ज वॉशिंग्टन (पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष) चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि खरं बोलल्याबद्दल वडील शाबासकी देतात, ती गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त कबूल झाली. तुमचा नववीत आहे, गोष्टींनी भागणार नाही. पण धाकाने भागत नाही हे त्यालाही लागू पडतं.

कमी गुण आणि खोटी सही, दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवा. गुणांसाठी शिक्षा नको, अभ्यासाला बसा. सहीसाठी मात्र त्याने स्वतः शिक्षकांना सांगावं, तुम्ही सोबत जा.

आणि आपलं काय? एसटीत तेव्हा मुलींनाही अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंतच होतं. तेरावं लागलेल्या लेकीला मीच एकदा म्हटलं होतं, “विचारलं तर अकरा सांग.” कंडक्टरने विचारलंही नाही. ती अजून मला ते ऐकवते.