खिडकीतला कप

‘शाळाच आमच्या मुलीला आमच्याविरुद्ध उभी करते आहे, तर शाळा बदलावी का?’ हा प्रश्न घेऊन फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहणारी एक मराठी आई माझ्याकडे आली होती. या भागातील भारतीय कुटुंबांसोबत काम करताना हीच काळजी मी निरनिराळ्या शब्दांत अनेकदा ऐकली आहे, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगी १४ वर्षांची, नववीत, एका क्वेकर शाळेत शिकणारी. क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला, स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या या शाळेत आठवड्यातून एकदा सगळे एकत्र मौन धरून बसतात, आणि ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल तोच उठून बोलतो. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे समता आणि सेवा या गोष्टी तिथे अभ्यासाबाहेरच्या मानल्या जात नाहीत. ही मुलगी दर गुरुवारी गरजू कुटुंबांसाठी चालणाऱ्या फूड पॅन्ट्रीत जाऊन धान्याच्या आणि डबाबंद पदार्थांच्या पिशव्या भरत असे. तिच्या बाबांची त्याला काहीच हरकत नव्हती, कारण कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास दाखवता येतात. हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितले की मला हसू आवरावे लागले.

ठिणगी पडली ती एका निबंधावरून. क्वेकरांकडे अंतर्मुख होण्यासाठी खुले प्रश्न समोर ठेवण्याची पद्धत आहे. त्यानुसार वर्गात प्रश्न दिला गेला होता, ‘तुमच्या घरात कोणाकडे पाहिले जात नाही?’ मुलगी नुकतीच सुट्टीत पुण्याला आजीकडे राहून आली होती. तिने आजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेल्या, कान तुटलेल्या कपाबद्दल लिहिले. घरातले सगळे कप ज्या बाई घासतात, त्यांना चहा मात्र त्या एकाच कपातून का मिळतो, असा तिचा साधा प्रश्न होता. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला आणि आईला ते पालकसभेत, शिक्षिकेच्या कौतुकातून कळले. ‘चार लोकांत आमची अब्रू गेली, ताई,’ एवढेच ती पहिल्या भेटीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. घरी मुलीने आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे बंद केले होते.

मुलगी एकटी भेटली तेव्हा मी तिला त्या बाईंचे नाव विचारले. ‘मावशी,’ ती म्हणाली, आणि मग गप्प झाली. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, पण तो विचारताना तिला किंचित नमवण्याची इच्छा माझ्या मनात होती, हे मी नंतर स्वतःशी कबूल केले. नाव ठाऊक नसल्यामुळे तिने जे पाहिले होते ते खोटे ठरत नव्हते.

पुढच्या भेटीत आईवडील दोघेही होते. सासूबाईंनी त्या बाईंच्या मुलाची फी भरली, आजारपणात दवाखान्याचा खर्च केला, हे सगळे आईने सांगितले. मी म्हटले की हे खरेच आहे आणि कपही खरा आहे. फी भरल्याने कपाचा हिशोब चुकता होत नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई हळू आवाजात म्हणाली, ‘लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी तो कप उचलून आतल्या कपांत ठेवला होता. सासूबाईंनी काही न बोलता तो परत खिडकीत ठेवला. मग मीही काही बोलले नाही.’ बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. ‘मला वाटायचं, कान तुटलाय म्हणून तो बाहेर ठेवलाय,’ ते म्हणाले.

शाळा बदलण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. लेकीने निबंधात जे मांडले, ते इतकी वर्षे स्वतःच्या तोंडून निघाले नाही, ही बोच आईच्या संतापाच्या मुळाशी होती. अशा काळजीने येणाऱ्या पालकांना मी आधी हेच विचारते की मुलाचा आरोप निखालस खोटा वाटतो म्हणून राग येतो आहे, की तो कुठेतरी ओळखीचा वाटतो म्हणून? मुलांच्या बोलण्यातला उद्धटपणा जरूर थांबवावा, पण त्या नावाखाली प्रश्नही थांबवू नये.

शाळेचेही चुकले होते आणि कुटुंबाच्या संमतीने मी ते शाळेच्या समुपदेशकांना सांगितले. घरातली गोष्ट वाचून दाखवण्यापूर्वी पालकांना विश्वासात घ्यायला हवे होते. त्याहून मोठा धोका असा की बहुसंख्य गोऱ्या वर्गमित्रांनी ‘भारतात असे असते’ एवढेच मनाशी घेऊन घरी जावे आणि एका मुलीवर सबंध देशाचे स्पष्टीकरण देण्याची पाळी यावी. खुद्द क्वेकरांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फिलाडेल्फियातील जर्मनटाउन येथे १६८८ साली चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. परंतु फिलाडेल्फियातील क्वेकरांच्या वार्षिक सभेने आपल्या सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी. वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्स या नामांकित क्वेकर शाळेत पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळायला १९५६ साल उजाडले. हे मी मुलीलाही सांगितले, कारण समतेची शपथ घेणारी माणसेसुद्धा किती रेंगाळतात हे कळले की आजीकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

बाबांना मी एक काम दिले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली होती. ती अर्पणपत्रिका त्यांनी मुलीला वाचून दाखवावी. पुण्यात वाढलेल्या या गृहस्थांना ती ठाऊक नव्हती. वाचता वाचता, १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेही त्यांनी मुलीला सांगितले. ‘म्हणजे हे आपल्याकडचंच आहे,’ ती म्हणाली. निबंधातली लाज तिथे थोडी सैल झाली असावी.

आपल्या आईशी, म्हणजे आजींशी, फोनवर बाबाच बोलले. ‘तिकडे बसून मला शिकवू नका,’ म्हणून आजींनी दोन आठवडे फोन घेतला नाही. डिसेंबरमध्ये तिघे पुण्याला गेले. परतल्यावर मुलीने मला त्या बाईंचे पूर्ण नाव सांगितले, त्यांच्या गावाचेही सांगितले. खिडकीतला कप आता तिथे नाही. त्यांना घरातल्याच कपातून चहा मिळतो. मात्र आजी तो अजूनही हातात देत नाहीत, ओट्याच्या कडेला ठेवतात. हे सांगताना तिच्या आवाजात निकाल देण्याचा सूर नव्हता, पण ते तिच्या नजरेतून सुटलेही नव्हते.